दिव्याची दोरी

“आज मला आई म्हणायचं नाही,” ताओताओच्या वेणीला रबर लावत चूनमेई म्हणाली. “मावशी म्हणायचं. विसरायचं नाही.”

“दिवसभर?”

“बाई येऊन जाईपर्यंत.”

सहा वर्षांच्या पोरीला हा खेळ आवडला. तिने लगेच दोन-तीनदा मावशी म्हणून बघितलं आणि तोंडावर हात धरून हसली.

शाओताई कपाटावर फोटो मांडत होत्या. फोटोत त्या, त्यांचे यजमान आणि मुलगा लेयांग समुद्रकाठी उभे होते. खोली शाओताईंची. त्या राहत बीजिंगच्या पार दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत. गल्लीतली ही अंधारी खोली त्यांच्या स्वयंपाकघराहून लहान होती आणि मिळाली होती मात्र अख्ख्या घराच्या भावात, कारण समोर नावाजलेली शाळा होती. खोली ज्याच्या नावावर, त्याच्या पोराला शाळेत जागा. फक्त पोर खरंच तिथे राहतं ना, ते बघायला शाळेतल्या बाई घरी येत. खरोखर राहणाऱ्या भाडेकरूच्या पोरीला ती शाळा नव्हती. ताओताओ सप्टेंबरमध्ये शाळेसाठी हेनानला आजीकडे जाणार होती. चूनमेई इथेच राहून गल्लीच्या तोंडाशी गाडीवर धिरडी विकणार होती, कारण आजीचं घर त्या धिरड्यांवरच चालायचं.

धिरड्यांचा तवा सकाळीच पलंगाखाली गेला होता. ताओताओच्या चपलाही गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी लेयांगचे बूट आले होते.

“ताई, हिला फळवालीकडे बसवते ना,” चूनमेई म्हणाली. “उगाच कशाला इथं?”

“राहू दे गं. शेजारची मुलगी खेळायला आलीय म्हटलं की घर कसं भरलेलं वाटतं. तू कामवाली, ती शेजारची. तुझी पोरगी म्हणून सांगितलंस तर भाडेकरू आहात हे लगेच कळेल. बाई काही दुधखुळ्या नसतात.” मग शाओताईंनी आवाज खाली आणला. “हे बघ, लेयांगला जागा मिळाली नाही तर या खोलीचं मी काय लोणचं घालू? विकून टाकेन. मग तू कुठं जाशील?”

चूनमेईने मान डोलावली. एवढ्या भाड्यात, गाडीच्या इतक्या जवळ दुसरी खोली तिला कुणी देणार नव्हतं.

चारच्या सुमारास शाळेतल्या फांगबाई आल्या. वय झालेल्या, पाय दुखत असलेल्या, सकाळपासून अशा बऱ्याच खोल्या बघून आलेल्या. त्यांनी पलंग पाहिला, फोटो पाहिला, दाराशी ठेवलेले कोरे करकरीत बूटही पाहिले. चहा नको म्हणाल्या. शाळेची नवी इमारत उभी राहिल्यापासून खोलीत दुपारीच अंधारून यायचं. फांगबाईंनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“बाळा, जरा दिवा लाव बघू,” त्या पलंगावर बसलेल्या लेयांगला म्हणाल्या.

लेयांगने दाराजवळच्या भिंतीवर बटण शोधलं. मग पलंगामागे शोधलं. मग त्याने आईकडे पाहिलं. शाओताईंचा चेहरा पांढराफटक पडला, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ताओताओ उठली. कपाट आणि भिंत यांच्या फटीत तिने कोपरापर्यंत हात घातला आणि दोरी ओढली. तिचं ते रोजचंच काम होतं. उजेड पडला तेव्हा तिचा हात अजून फटीतच होता.

“ही कुणाची मुलगी?” फांगबाईंनी चूनमेईला विचारलं. आवाज मऊ होता. दरडावून विचारलं असतं तर खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

“शेजारची,” चूनमेई म्हणाली.

दोघींची हनुवटी एकच होती, आणि फांगबाई काही आंधळ्या नव्हत्या. त्या ताओताओसमोर किंचित वाकल्या. “यंदा शाळेत जाणार ना?”

“हो. आजीच्या गावाला.”

फांगबाईंनी खिडकीतून समोरच्या फाटकाकडे पाहिलं. “लांब पडेल,” त्या म्हणाल्या.

त्यांनी नाही म्हटलं असतं तर लेयांगची जागा गेली असती. ताओताओला ती मिळाली नसती, दुसऱ्या कुठल्या तरी खोलीच्या मालकाला मिळाली असती. एवढं त्यांना इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. त्यांनी कागदावर सही केली आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडल्या.

शाओताईंचा जीव भांड्यात पडला. “हुशार आहे हो पोर!” म्हणत त्यांनी ताओताओचा गाल ओढला, सोबत आणलेला चेरीचा डबा पलंगावर ठेवला, फोटो आणि बूट पिशवीत भरले. जाताना सवयीने त्यांनी दिवाही मालवला. दोरी कुठे असते ते आता त्यांना कळलं होतं.

चूनमेई पलंगाच्या कडेला बसून राहिली. खोटं तर बोलायचं ठरलेलंच होतं, त्याचं तिला काही नव्हतं. पण ‘शेजारची’ हा शब्द जिभेवर जराही अडला नाही, याचं तिला फार वाईट वाटत होतं. पोरीला जवळ घ्यावं, कुशीत घट्ट धरावं असं वाटलं.

“ताओताओ,” ती म्हणाली, “दिवा लाव गं.”

पोर कपाटाला टेकून उभी होती, हात पाठीमागे बांधून. ती हसतेय की नाही, ते अंधारात चूनमेईला दिसेना.

“दोरी कुठंय, मावशी?”