फुगीर पोटाचा ग्लास

"ग्लास बदलला का तुझी जीभ बदलते, धाऊ. मिशीची पैज."

शेजारचा सावळाराम असा डिवचायला लागला की धाऊला माघार घेता यायची नाय. त्याने पैज घेतली. धसईच्या आसपास हळदीच्या दारूचा कॅन धाऊने चाखल्याबिगर उघडत नसत. घोट तोंडात घोळवायचा नि थुंकायचा. गिळला की जीभ बथ्थड होते म्हणायचा. गावात त्याला मान होता तो एवढ्या जिभेचाच.

हळद महिपतच्या पोरीची. दारू सावळारामने कुणा नव्या माणसाकडून आणलेली. दुपारी त्याने तीन ग्लास भरून मांडले नि सांगितलं, तीन कॅनमधल्या तीन हायेत. एक ग्लास स्टीलचा, एक टपरीवरचा चहाचा, तिसरा शहापूरच्या हॉटेलातून ढापलेला, काचेच्या दांड्यावरचा, पोट फुगीर नि तोंड आवळलेलं.

पहिली धाऊला बरी वाटली. दुसरी जरा पाणचट. तिसरा ग्लास नाकाशी नेला, आवळलेल्या तोंडात कोंडलेला वास आला नि त्याचा चेहरा उतरला.

"ही वाटू नका," तो हळूच म्हणाला. "लाकडाच्या पॉलिशचा वास मारतेय."

सावळाराम खांबाला धरून हसला. तिन्ही ग्लासांत एकाच कॅनची होती, महिपत साक्षीला.

धाऊने स्टीलचा ग्लास परत हुंगला. वास नाय. चहाचा हुंगला. नाय. मग त्याचा त्याच्यावरच इश्वास राहिला नाय. काचेलाच काय लावलं असंल, असं पुटपुटून तो न जेवता घरी गेला.

हळद जोरात झाली. सावळाराम त्याच फुगीर ग्लासातून प्यायला, दर घोटाला "पॉलिश, पॉलिश" करत.

सकाळी दहाला एसटी थांब्यावर, भर उन्हात, अख्खा गाव धाऊची मिशी उतरताना बघायला जमला. चौघांना रातभर ओकाऱ्या झालेल्या. ऊन बाधलं म्हणून त्यांना लिंबू पाजलं होतं. महिपत पोरीच्या लग्नादिवशी अजून उठला नव्हता, त्यावरही सगळे हसले. सावळारामचं डोकं ठणकत होतं, तरी न्हाव्याला सारून वस्तरा त्यानेच घेतला.

धाऊने डोळे मिटले. पातं ओठाला लागलं. थांबलं. मग नाकाला लागलं, मग गालावर चाचपडलं.

"अंधार कुणी केला रे?" सावळाराम म्हणाला. "बत्ती लावा कुणीतरी."