बिननाळीची होडी

"हिला नाळच न्हाय," महिपतने तिसऱ्यांदा सांगितलं. "पुढून बघा, मागून बघा, सारखीच. पानी कापायला पुढं निमुळती नाळ न्हाय ती होडी कसली? तराफा हाय हा."

भाईंदरच्या खाडीकडच्या शेडमागे, जुन्या मिठागराच्या तळ्यात ती बांधून ठेवली होती. खाली ॲल्युमिनियमचे दोन लांब बंद नळे, त्यांच्यावर सपाट तळ, भोवती कठडा, आत दहा जणांना बसायला गुबगुबीत बाकं आणि वर निळं छप्पर. भूपेशभाई असल्या होड्या बनवून विकायचा. "काका, लेकसाठी हीच बेस्ट," तो म्हणाला. "हलणार नाही, डुलणार नाही. फॅमिली आरामात नाश्ता करत फिरेल." महिपतने असं नाक मुरडलं की भूपेशभाईने पुढचं वाक्य गिळलं. चाळीस वर्षं उत्तनच्या समुद्रात तांडेल म्हणून होडी हाकलेला माणूस. न डुलणाऱ्या होडीचं कौतुक त्याला काय सांगायचं?

होडी हवी होती त्याच्या मुलाला, परागला. परागने मासेमारी सोडून बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. मुरबाडकडे एका तलावाकाठी त्याने थोडी जागा घेतली होती आणि रविवारी सगळ्या घराने पाण्यात फिरावं एवढीच त्याची हौस होती. होडी निवडायला म्हणून त्याने आईवडिलांना आणि नऊ वर्षांच्या लेकीला, क्षितिजाला, बरोबर आणलं होतं. काठावरून होडीपर्यंत टाकलेल्या फळीवर क्षितिजा केव्हाच चढली होती. तिचा पाय होडीत पडणार, इतक्यात आधीच आत चढलेल्या आजोबाने तिला दंडाला धरून मागे सारलं.

"बायमानसानं होडीवर पाय ठेवायचा न्हाय," महिपत म्हणाला. "आपल्या घरची रीत हाय. बायका काठावर बसतील."

"मग दहा सीट कशाला?" क्षितिजाने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. महिपतने नुसतं बोटाने काठ दाखवला.

मनोरमा, क्षितिजाची आजी, काठावर उभी होती. ही रीत तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती. महिपतच्या होडीवर लाल अक्षरांत तिचंच नाव रंगवलेलं होतं. ते नाव बावीस वर्षं समुद्रात गेलं आणि नावाची बाई कमरेएवढ्या पाण्यात टोपली घेऊन उभी राहिली. मासळी घ्यायची, आत एक नजर टाकायची आणि मागे फिरायचं. होडीतून आपलं गाव कसं दिसतं, असं तिने एकदा विचारलं होतं. "दिसतं तसं दिसतं," महिपत म्हणाला होता. त्या उत्तराचा तिला तेव्हा राग आला होता आणि अजूनही येत होता. पण आजचा राग निराळा होता. पोर मुकाट्याने काठावर जाऊन बसलीसुद्धा होती. तिची तीच जागा असल्यासारखी. मनोरमाला ते बघवेना.

"पण बाबा, तुम्हीच म्हणताय ना ही होडी नाही?" पराग हसत म्हणाला. "तराफा आहे ना? मग रीत कसली मोडतेय? बसू देत दोघींना."

महिपतने डोकं खाजवलं. तोड बरी होती. रीतही राहत होती आणि भांडणही टळत होतं. "बसू द्या," तो म्हणाला. "तराफ्याला कसली रीत?"

भूपेशभाईने सुटकेचा निःश्वास टाकला. परागने आईपुढे हात केला. मनोरमाने चपला काढल्या, ती फळीवरून चालत गेली आणि होडीपासून वीतभर अलीकडे थांबली.

"ही चालवनार कोन?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मीच. दुसरा कोन हाय हितं?"

"तांडेल तराफा चालवतो?"

पराग घाईने म्हणाला, "आई, जाऊ दे ना. चढ तू."

"तू गप." तिने नवऱ्यावरची नजर काढली नाही. "चाळीस वरसं तांडेल म्हनून मिरवलात. उद्या तलावावरचे लोक इचारतील, म्हातारा काय चालवतोय. काय सांगाल त्यांना? तराफा?"

महिपतचे कान लाल झाले. त्याने होडी वळवायच्या चाकाकडे पाहिलं. मघापासून त्याचा हात दोनदा त्या चाकाकडे गेला होता, आणि दोन्ही वेळा मनोरमाने तो पाहिला होता. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची नस बायकोला सापडतेच.

"होडी हाय!" तो ओरडला. "बिननाळीची हाय, पन होडी हाय! झालं समाधान? आता फिर मागं. होडीवर बायमानूस चढत न्हाय."

परागने कपाळावर हात मारला. जमून आलेलं सगळं आईने आपल्या हाताने विस्कटलं होतं.

मनोरमा काठाकडे वळली. तिने हात लांब केला. "क्षितिजा, इकडं ये." पोर पळत आली आणि आजीचा हात तिने घट्ट धरला.

"तराफ्यावर काय, कोनी बी चढंल," मनोरमा म्हणाली आणि तिने उजवा पाय आत टाकला. "मना होडीवर चढायचं व्हतं."