पोटरीतला गोळा

"अहो, लांब व्हा! नवऱ्याने पायाला हात लावला तर मला पाप लागेल!"

दुपारच्या चहाआधीच बायकोच्या डाव्या पोटरीत गोळा आला होता. तिच्या पंधरा वर्षांच्या मधुमेहाने आमच्या घरातलं गोडधोड बंद केलं, त्यामुळे पाहुणेही कमी झाले. हा गोळा मात्र नेमाने येतो.

डॉक्टरांनी उपाय सांगितला होता: पाय सरळ करून चवडा गुडघ्याकडे ओढायचा. एरवी ती टॉवेल अडकवून स्वतःच ओढायची. आज टॉवेल गच्चीत वाळत होता, म्हणून मी हात पुढे केला.

"एकोणचाळीस वर्षं माझ्याशी संसार केलास. तुझं सगळं पाप केव्हाच फिटलंय," मी म्हणालो.

तिला हसूही येईना. पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. अखेर डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पाय पुढे केला. जोडव्याखालचं बोट झिजून बारीक झालं होतं. मी ते आजच पाहिलं. चवडा ओढून धरला. हळूहळू गोळा उतरला आणि आम्ही दोघंही दमून पलंगावर बसून राहिलो.

मग ती उठली, पदर सावरला आणि पाप फेडायला माझ्या पाया पडायला वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"काय झालं?"

"आता उजव्यात आला," ती म्हणाली. कशीबशी पलंगावर टेकली आणि पाय मुकाट्याने माझ्या मांडीवर ठेवला.