मनगटावरचा दिवा

ग्रामसभेला आलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा बांधला होता. कुणी निर्णय मांडला, की तो मुळात ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याच्याच पट्ट्यावरचा दिवा लागायचा. गावच्या पाण्याबाबत बायकांचं किती चालतं, हे मोजायला निमकर मॅडम जिल्ह्याहून आल्या होत्या.

दिगंबर उभा राहिला. "नवी टाकी शाळेमागच्या चढावर बांधायची. तरच वरच्या आळीला पाणी मिळेल," तो ठासून म्हणाला.

त्याचा दिवा लागला नाही. त्याने पट्टा झटकून पाहिला. मग एकेक करत सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागे ताडपत्रीवर बायकांमध्ये बसलेल्या त्याच्या बायकोच्या, इंदुमतीच्या मनगटावर हिरवा उजेड होता. तिने घाईने त्यावर पदर ओढला.

"मी नुसतं विचारलं होतं," ती म्हणाली. "जेवायला वाढताना. वरच्या आळीला पाणी कसं चढायचं, एवढंच."

दिगंबर तिच्याकडे वळला. "आणि संडास घराला लागूनच बांधायचा, ते?"

पदराखाली पुन्हा उजेड झाला.

"अहो, मग तुम्ही स्वतः का नाही बोलत?" निमकर मॅडमनी विचारलं.

"मी बोलले असते, तर संडास अजून झाला नसता," इंदुमती म्हणाली.

तेवढ्यात वरच्या आळीचा नामदेव उठला. "नळाला पाणी पहाटे नको, सकाळी सातला सोडा."

या खेपेला त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही. सगळी सभा ताडपत्रीकडे बघत होती.