पोरगी कच्ची आहे

रत्नागिरीतल्या स्कूटरच्या शोरूममध्ये मॅनेजर आठल्यांनी लांज्याच्या शमिकाला हेरलं, हाताला धरून विक्री शिकवली. वर्षभरात ती सगळ्यांच्या पुढे गेली. चिपळूणच्या नव्या शाखेच्या मॅनेजरपदासाठी मालकांनी तिचं नाव काढलं, तेव्हा मात्र ती गेली तर आपलं कसं व्हायचं या भीतीने आठल्यांनी मालकांना सांगितलं, "पोरगी अजून कच्ची आहे." जागा दुसऱ्याला मिळाली. आज सकाळी ते आले, तर शमिका स्कूटरच्या आरशासमोर इंग्रजी घोकत होती. "क्लास लावलाय, सर. मालक म्हणाले, मी कच्ची आहे." आठल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कच्ची नव्हतीस गो. तुला सोडवेना, म्हणून मी खोटं बोललो." तिचे डोळे भरले. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "या काका," म्हणत ती हसतमुखाने पुढे झाली. मनात काहीही असो, गिऱ्हाइकासमोर हसायचं, हे आठल्यांनीच तिला शिकवलं होतं.