साडेअकरा

कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर पाटी: चपला बाहेर काढा, मशीनला धूळ चालत नाही.

कॉलेजच्या भिंतीवर विद्यापीठाचं नवं नाव, त्यावर कुणीतरी फिरवलेला चुन्याचा बोळा.

मनकर्णाचा मुख्य विषय रसायनशास्त्र. दुय्यम, कॉम्प्युटर.

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उद्या.

वीस मुलं, एक मशीन, माणशी दहा मिनिटं. प्रोग्राम चुकला की यादीतून नाव कमी. मनकर्णाची सहा मिनिटं संपली होती. नाव गेलं तर विषय गेला, विषय गेला तर वर्ष, आणि मग उद्या बापाशेजारी ट्रकमध्ये. बाप दाराबाहेर चपलांपाशी उकिडवा बसला होता. न्यायलाच आला असणार.

गावातली कुठलीही यादी घ्या आणि माणसं मोजून दाखवा, असं पाथ्रीकर सरांनी सांगितलं होतं. तिनं टोळी घेतली. पडद्यावर हिरवा आकडा उमटला: ११.५.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "अर्धा माणूस! वरचा का खालचा गं?"

"मनकर्णा, हे काय?" सरांनी विचारलं.

"टोळी अशीच मोजतेत, सर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा."

"मशीनला हे कळत नाही. इन्टची आज्ञा लाव, अर्धं कापून टाकेल."

तिचं बोट बटणावर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. कापलं तर अकरा. म्हणजे बाप यादीतून गेला. माय वारल्यापासून तोच तर अर्धा. वर चढवलं तर बारा. म्हणजे मायच्या जागी आपण बसलो.

"दोन मिनिटं," सर म्हणाले. पेन तिच्या नावावर येऊन थांबलं होतं.

"न्हाई, सर. साडेअकराच हायत."

"कोण आहे हा अर्धा?"

तिनं दाराच्या काचेकडे बोट केलं. बाहेर तिचा बाप मुंजाजी कुणाची तरी पालथी पडलेली चप्पल सुलटी करून ठेवत होता.

सरांनी तिकडं बघितलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चल, पुढचा कोण?"

मुंजाजीनं सकाळीच मानवतच्या स्टँडवर टोळीच्या मुकादमाला सांगितलं होतं, लेक येत न्हाई, मला एकट्याला धरा.