मिनोवाबाई कामावर आल्या त्या दिवशी

कुगाने खुर्ची आणखी वीतभर मागे घेतली. मिनोवाबाईंनी वाचता वाचता चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. आजारपणानंतर तो फारसा चढत नव्हता.

जपानमधल्या उवाजिमा गावातल्या त्या लहानशा छापखान्यात मुद्रितं जोडीने तपासायची पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने शेजारी बसून छापलेल्या मजकुरावर बोट फिरवायचं. कुगाला हे काम मिनोवाबाईंनीच शिकवलं होतं, खांद्याला खांदा लावून. कर्करोगाच्या उपचारांसाठी त्या हिवाळ्यापासून रजेवर होत्या. आज, ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, त्या परत आल्या होत्या. त्यांना आवडणारी अझुकीची, म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यांची, थंडगार गोड वडी आणायला कुगा सकाळी वाट वाकडी करून गेला आणि त्या धांदलीत काखेत डिओ लावायचा राहून गेला.

दुसऱ्या कुणाचं एवढ्याने बिघडलं नसतं. पण कुगाच्या घामाला लहानपणापासून उग्र दर्प होता. शाळेत पोरं त्याच्या बाकावर बसायची नाहीत. जिना चढतानाच त्याच्या लक्षात आलं. मोरीत जाऊन त्याने हात धुवायच्या साबणाने काखा धुतल्या, कागदी रुमालाच्या घड्या शर्टाच्या आत दाबल्या. तासाभरात घड्या भिजल्या.

मालक बान्नोसाहेब गिऱ्हाइकाकडे गेले होते. वर दोघंच. एका शाळेच्या शतकमहोत्सवाचा ग्रंथ संध्याकाळी छपाईला जायचा होता. कुगा कोपर अंगाशी घट्ट धरून बसला. मग उठून त्याने खिडकी उघडली.

"अरे, एसी चालू आहे ना?" मिनोवाबाई म्हणाल्या.

"जरा हवा खेळू दे," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

मिनोवाबाईंनी पुढचं पान वाचायला घेतलं. थोड्या वेळाने त्यांनीही आपली खुर्ची मागे सरकवली. कुगाला हायसं वाटलं. दुपारी त्या डबा घेऊन जिन्यात जाऊन बसल्या, तेव्हा तर सुटल्यासारखंच वाटलं. तो मागच्या दाराने धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, डिओचा डबा आणला आणि खोलीतच शर्टाच्या आत भसाभसा फवारला. घामावर अत्तर बसून वास आणखीच बिघडला. तेवढ्यात मिनोवाबाई दारात उभ्या. त्याने डबा पाठीमागे लपवला.

त्यानंतर त्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसून वाचत राहिल्या. शेवटच्या पानापर्यंत आवाज पार बसला.

काम संपल्यावर त्यांनी पिशवी उचलली. टोपी नीट केली. टोपीखाली केस नव्हते.

"कुगा, आज तुला फार त्रास दिला रे मी."

"तुम्ही? तुम्ही कसला त्रास दिलात?"

"औषधांचा वास अंगाला येतो म्हणे. घरी सगळ्यांना विचारते, सगळे म्हणतात, छे, काही नाही. घरचे दुसरं काय सांगणार? तू बोलला नाहीस, पण मला कळलं. खिडकी काय, फवारा काय."

कुगा सगळं एकदम बोलला. "अहो, मी! वास माझा येतोय! सकाळी डिओ लावायला विसरलो, म्हणून लांब बसलो. फवारा मी अंगावर मारत होतो. हा बघा डबा. शर्ट बघा माझा!" त्याने लाज सोडून हात वर केला आणि त्यांच्याजवळ गेला. "घ्या वास. घ्या ना!"

मिनोवाबाई एक पाऊल मागे सरल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या.

"मला कसला वास येतोय, राजा? औषधांनी नाकच गेलंय माझं. तुझी वडी खाल्ली, तीसुद्धा मातीसारखी लागली. स्वतःचा वास आला असता तर आलेच नसते मी." जाता जाता त्या वळल्या. "माझ्यासाठी एवढं खोटं बोललास. जन्मभर लक्षात ठेवीन हो."

त्याला त्यांच्या मागे धावायचं होतं. पण धावून सांगणार तरी काय, जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

बऱ्याच वेळाने बान्नोसाहेब जिना चढून आले.

"मिनोवाबाईंना आत्ताच बसमध्ये बसवून आलो. उद्यापासून यायचं नाही म्हणतात. केवढी समजूत घातली, ऐकेचनात." ते एकदम थबकले, नाकाला रुमाल लावला आणि पुढे येऊन त्यांनी कुगाच्या काखेकडे पाहिलं.

"अरे कुगा, केवढा घाण वास मारतोय तुझा!"